आगगाडीच्या रुळांचा सांधा

वर्गांत उष्णतेचा पाठ चालू असला कीं, पदार्थ तापल्यानें प्रसरण पावतात हें सांगून शिक्षक आगगाडीच्या रुळांचें उदाहरण देतात. दोन रुळांच्या टोकांमध्यें थोडी फट ठेवलेली असते. ती नसती तर उन्हाळ्यांत रूळ वांकडे झाले असते, असें पुस्तकांत छापलेलें असतें व परीक्षेंतही तेंच उत्तर मान्य होतें. परंतु स्टेशनावर उभें राहून चौकसपणें पाहण्याची ज्यांना संवय आहे, त्यांना मुख्य मार्गावर अशी फट आतां क्वचितच आढळेल. नजर पोंचेल तेथपर्यंत रूळ अखंड! मग पुस्तक चुकलें कीं आपली नजर चुकली? दोहोंपैकीं कोणीच चुकलेलें नाहीं. तें कसें, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम जुना सांधा पाहूं. रुळाच्या दोन्ही अंगांस लोखंडाची एकेक पट्टी लावून ती चार बोल्टांनीं आंवळावयाची, अशी ही युक्ति; तिच्या मूळ कल्पनेचें पेटंट विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स या इंग्रज यंत्रज्ञानें १८४७ सालीं घेतलें. या पट्टीस फिशप्लेट म्हणतात. आपल्याकडील रुंद मार्गावर रुळाची ठराविक लांबी १३ मीटर असे. पोलादाचा एक मीटरचा तुकडा एका अंशानें तापला तर मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाएवढाच वाढतो. म्हणून ४० अंशांचा फरक झाला तरी १३ मीटरांचा रूळ फक्त ६ मिलिमीटर वाढावयाचा. तेवढ्यापुरती फट ठेविली म्हणजे झालें. प्रवासांत जो ‘खडक् खडक्’ असा ताल ऐकूं येतो, तो याच फटींचा. विद्यार्थ्यांसाठीं एक गंमत सांगून ठेवतों. अशा मार्गावर ४७ सेकंदांत जितके सांधे मोजाल, तितके किलोमीटर गाडीचा ताशीं वेग समजावा. मात्र एकामागून एक चाकांचे ठोके पडतात, तो सारा समूह एकच धरला पाहिजे.

हा ताल कानाला गोड लागला, तरी रुळाला तो घातक असतो. प्रत्येक चाक फटीवरून जातांना पुढच्या रुळाच्या टोकावर घणासारखें आदळतें. टोकें चेंबतात, बोल्ट ढिले होतात, खालची खडी दबते, मग सांधा आणखी खचतो व पुढचा घाव आणखी जोराचा बसतो. त्यांतून बोल्टांसाठीं पाडलेल्या भोंकांपाशीं पोलाद आधींच दुर्बळ झालेलें असतें. तेथें केंसासारखी चीर पडून ती कोणाच्याही नजरेस न येतां वाढत जाते. ५ नोव्हेंबर १९६७ रोजीं लंडनजवळ हिदर ग्रीन येथें असेंच झालें. एका सांध्याशीं रुळाच्या टोकाचा पाचरीसारखा तुकडा उडाला, भरधांव गाडी घसरली आणि ४९ माणसें प्राणांस मुकलीं. रुळाची चीर बोल्टाच्या भोंकापासूनच निघाली होती. तेव्हां सांधा सुधारणें म्हणजे केवळ प्रवाशांचे हादरे कमी करणें नव्हे, हें पालकांच्याही ध्यानीं येईल.

सुधारलेला सांधा म्हणजे दोन रुळांची टोकें वितळत्या पोलादानें एकजीव करणें. यासाठीं कारखान्यांत विजेची योजना असते. पण उघड्या माळावर भट्टी कोठून आणावयाची? ही अडचण हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें सोडविली. त्यानें १८९५ सालीं थर्मिटचें पेटंट घेतलें आणि १८९९ सालीं एसेन शहरांत ट्रामचे रूळ या रीतीनें सांधले गेले. लोखंडाच्या ऑक्साइडाचे सुमारें तीन भाग व अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचा एक भाग, हें त्यांतील मुख्य मिश्रण. लोखंडापेक्षां अ‍ॅल्युमिनियमला प्राणवायूची ओढ फार मोठी. मिश्रण एकदां पेटलें कीं तें लोखंडाजवळचा प्राणवायु हिसकावून घेतें, आणि त्या झटापटींत सुमारें २५०० अंश उष्णता उत्पन्न होऊन सुटें झालेलें लोखंड पाण्यासारखें पातळ होतें. भट्टी नको, कोळसा नको, भाताही नको!

हें काम एकदां रात्रीं जवळून पाहण्याचा योग आम्हांस आला. गाड्या थांबवून दोन टोकांमध्यें सुमारें एक इंच अंतर ठेविलें होतें. टोकें मुद्दाम किंचित् उंच धरलीं होतीं. कारण विचारतां मुकादमानें सांगितलें कीं, निवतांना रुळाचा माथा शेवटीं आकसतो व सांधा खालीं बसतो, म्हणून तेवढें आधींच उचलून ठेवावें लागतें. मग भोंवतीं वाळूचा सांचा बसवून त्याच्या कडा लिंपल्या. सांच्यांत ओल राहिली तर सांधा आंतून सच्छिद्र होतो, म्हणून तो फार जपतात. रुळाचीं टोकें ज्योतीनें लाल होईपर्यंत तापविलीं, वर मूस ठेवून मिश्रण पेटविलें, आणि अर्ध्या मिनिटांत डोळे दिपविणारा प्रकाश पडला. हलकी मळी वर तरंगली. जड पोलाद तळाच्या भोंकांतून प्रथम सांच्यांत उतरलें व मळी मागाहून बाजूच्या पात्रांत ओघळली. थोड्या वेळानें सांचा फोडून तांबूस असतांनाच वरचा उंचवटा कापून टाकला आणि शेवटीं घांसून माथा सारखा केला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. असे एकसंध रूळ एक किलोमीटर लांब केले, तर ४० अंशांच्या फरकानें ते ४६ सेंटिमीटर वाढावयास हवेत. ही वाढ जाते कोठें? उत्तर बैलगाडीच्या चाकांत आहे. लोहार धांव लाल तापवून चाकावर चढवितो; निवतांना ती आकसूं पाहते, पण लांकूड तिला आकसूं देत नाहीं, म्हणून ती जन्मभर ताणलेली राहते. रुळाचेंही तसेंच. स्लीपर, त्यांना रूळ जखडणारे कमानदार खिळे आणि खडीचा भरपूर थर, हीं तिन्हीं मिळून रुळास जागचा हलूं देत नाहींत. न झालेली वाढ रुळाच्या अंगांत दाब होऊन राहते. मीटरला ६० किलोग्रॅम भरणारा रूळ ३० अंशांनीं तापला तर त्यांत सुमारें ५५ टनांचा दाब सांठतो! हलतात तीं केवळ दोन्ही शेवटांकडचीं शंभरेक मीटर. तेथें एकमेकांवरून सरकणारा निमुळता जोड ठेवलेला असतो.

म्हणून खडी ही कांहीं शोभेसाठीं टाकलेली नसते. उन्हांत ती उकरली, तर तो सारा दाब रुळास सापासारखा वांकवूं शकतो. शिवाय रूळ कोणत्या तापमानास जखडले याला फार महत्त्व आहे. वर्षांतील उन्हाळा व थंडी यांच्या मधलें एक तापमान ठरवितात; त्या वेळीं रुळांत ताण नसावा व दाबही नसावा. दिवस थंड असल्यास रूळ यंत्रानें तेवढा ओढून मगच सांधतात. बोल्टाचे सांधे नाहींसे झाले असें मात्र समजूं नये. आडवाटेच्या फांट्यांवर व यार्डांत ते आहेत, आणि तेथें पाठ्यपुस्तकांतील उत्तर अक्षरशः खरें आहे.

थंडींत उलट प्रकार होतो. दाबाऐवजीं ताण येतो व एखादा कच्चा सांधा तुटूं शकतो. म्हणून कडाक्याच्या रात्रीं रेल्वेचे गस्तवाले दिवा घेऊन मैलोगणती रूळ तपाशीत चालतात. तडा दिसला तर प्रथम गाडी थांबवावयाची. मग तडा गेलेल्या ठिकाणीं दोन्ही बाजूंनीं पट्ट्या आंवळून गाडी हळूहळू पुढें सोडावयाची. ती पट्टी म्हणजे अ‍ॅडम्सची जुनी फिशप्लेटच. फक्त वितळलेल्या सांध्याचा फुगवटा सामावण्यासाठीं मध्यें थोडा बांक दिलेली.