पीसीची तारीख सारखी मागे जाते? चाळीस रुपयांचा सेल आणि गारगोटीचं घड्याळ

मागच्या जूनमधली गोष्ट. रात्रीचे सव्वानऊ वाजले होते. अकोल्याहून वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, पिंकीचा अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायचाय. आज शेवटची तारीख आहे आणि साइटच उघडत नाहीये. लाल त्रिकोण येतोय. कम्प्युटर हॅक झालाय का हो?"

मागून पुतणीचा रडवेला आवाज येत होता, "काका, सगळ्याच साइट तशा दाखवतायत!" दादाने राउटर दोनदा बंद-चालू केला होता, केबल काढून लावली होती. दुपारी घराजवळच्या एका दुकानात फोन करून विचारलं, तर तिकडून उत्तर आलं, "मदरबोर्ड गेला असेल, चार-साडेचार हजार धरून चला."

मी पुण्यात. फोनवरून दिसणार काय? म्हटलं, "वहिनी, स्क्रीनवर उजवीकडे खाली कोपऱ्यात तारीख काय दिसतेय ते आधी सांगा."

"एक जानेवारी दोन हजार पंधरा."

तिथेच निदान झालं. मदरबोर्ड ठणठणीत होता, हॅकिंगही नव्हतं. मदरबोर्डवरचा एक छोटा सेल संपला होता. तारीख हाताने बदलली आणि दहा मिनिटांत साइट उघडली. पावणेअकराला फॉर्म भरून झाला आणि मग सगळे जेवायला बसले.

हा प्रॉब्लेम जुन्या पीसीत हमखास येतो आणि लोक घाबरून फॉरमॅट मारतात. फॉरमॅट मारून काहीही होत नाही! चला तर मग, हा प्रकार नीट समजून घेऊ. जाता जाता थोडं विज्ञानही बघू, कारण या सेलच्या शेजारी एक फार गमतीदार वस्तू बसलेली असते.

तारीख चुकली तर साइट का उघडत नाही?

बँक, सरकारी पोर्टल, मेल अशा सगळ्या सुरक्षित साइटकडे एक डिजिटल ओळखपत्र असतं. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. एसटीच्या पासवर जशी 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, तशीच या सर्टिफिकेटवर असते. ब्राउझर साइट उघडण्याआधी ती मुदत तपासतो. आणि 'आज' कोणती तारीख आहे हे तो कोणाला विचारतो? तुमच्याच पीसीच्या घड्याळाला.

पीसीचं घड्याळ २०१५ दाखवत असेल, तर ब्राउझरच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. मग तो 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' किंवा 'युअर क्लॉक इज बिहाइंड' असा इशारा देतो. खरं तर ब्राउझर त्याचं काम चोख करत असतो.

एक महत्त्वाची सूचना. अशा वेळी 'अ‍ॅडव्हान्स्ड' वर क्लिक करून 'तरीही पुढे जा' करू नका. जिथे आपण आधार नंबर, बँकेचा तपशील देतो तिथे तर अजिबात नको. आधी तारीख बघा. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर मात्र ती साइट सोडून द्या.

मग विंडोज तारीख आपोआप दुरुस्त का करत नाही?

हा प्रश्न दादानेही विचारला. "नेट चालू आहे ना, मग त्याला कळत कसं नाही?"

विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवतं, पण त्याला मर्यादा आहे. घरच्या पीसीवर मूळ सेटिंगनुसार फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल, तर ते आपोआप दुरुस्ती करत नाही. कारण सरळ आहे. एखाद्या चुकीच्या सर्व्हरने एकदम दहा वर्षांची उडी मारायला सांगितली, तर डोळे झाकून ऐकायचं का? म्हणून मोठा फरक आपणच काढायचा.

तातडीचा उपाय असा:

१. खाली कोपऱ्यातल्या तारखेवर राइट क्लिक करा आणि 'अ‍ॅडजस्ट डेट अँड टाइम' उघडा.
२. 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' बंद करून तारीख, वर्ष आणि वेळ हाताने टाका. वर्ष बघायला विसरू नका!
३. टाइम झोन 'यूटीसी +०५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' हाच आहे ना ते बघा.
४. आता ऑटोमॅटिक पुन्हा चालू करा आणि 'सिंक नाऊ' दाबा.
५. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

दोष नेमका कुठे आहे, ते कसं ओळखायचं?

घड्याळ किती आणि कधी चुकतंय, यावरून बरंच कळतं.

- पीसी बोर्डाच्या बटणावरून बंद केला, लाइट गेली, की तारीख थेट काही वर्षं मागे जाते: सेल संपलाय. चालू करताना 'सीमॉस चेकसम एरर' किंवा 'डेट अँड टाइम नॉट सेट' असं येत असेल, तर खात्रीच धरा.
- वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते: टाइम झोन चुकलाय, किंवा एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ धरतं. दोघांची ओढाताण होते आणि फरक नेमका आपल्या साडेपाच तासांचा पडतो.
- महिन्याभरात मिनिटभर पुढे-मागे होते: हा दोष नव्हे, घड्याळाचा स्वभाव आहे. तो का, ते पुढे सांगतो.

सेल कशाला लागतो?

१९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. पीसी चालू केला की दर वेळी तो तारीख आणि वेळ विचारायचा. १९८४ च्या पीसी एटीमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ आलं आणि ती कटकट संपली.

आजही मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. नाव 'सीआर २०३२'. या नावातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. 'सी' म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड हा प्रकार आणि 'आर' म्हणजे गोल. दाब ३ व्होल्ट. म्हणजे 'सीआर २०२५' हा त्याच व्यासाचा पण २.५ मिलिमीटर जाडीचा. तो बदली म्हणून बसवू नका, सैल राहतो.

थोडं गणित करू. या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. मदरबोर्डच्या घड्याळाने ५ मायक्रोअँपिअर वीज घेतली असं धरलं, तर तो ४४,००० तास चालेल. म्हणजे पाच वर्षं! पीसीला बोर्डावरून वीज मिळत असेल तेव्हा घड्याळ त्या विजेवर चालतं आणि सेल वाचतो. आपल्याकडे काम झालं की बोर्डाचं बटण बंद करायची सवय असते. सवय चांगली आहे, सोडू नका. फक्त त्या काळात घड्याळाचा सगळा भार सेलवर येतो, एवढं ध्यानात ठेवा. दादाचा पीसी सात वर्षांचा, त्यात भारनियमन. सेलने बरीच साथ दिली म्हणायची.

आणि ती गमतीदार वस्तू: गारगोटी!

लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून उजेड पाडायचा खेळ तुम्ही खेळला असाल. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. तुमच्या पीसीचं घड्याळ याच क्वार्ट्झवर चालतं. फक्त तो तुकडा नदीतला नसतो, कारखान्यात वाढवलेल्या शुद्ध स्फटिकाचा असतो.

१८८० मध्ये पिअर क्युरी आणि त्यांचे भाऊ जाक यांनी दाखवलं, की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले तर त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो. उलटही होतं: वीज दिली तर स्फटिक किंचित वाकतो. स्वयंपाकघरातला बिनबॅटरीचा गॅस लायटर आठवा. टक्‌ करून दाबला की ठिणगी पडते. त्यात क्वार्ट्झ नसतो, एक सिरॅमिक असतं, पण तत्त्व हेच.

घड्याळातला स्फटिक चिमुकल्या दोन बोटांच्या काट्यासारखा कापलेला असतो. वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा का? ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. निम्मे करा, १६,३८४. पुन्हा निम्मे, ८,१९२. असं १५ वेळा केलं की उरतो बरोबर १. सेकंदाला एक ठोका! इलेक्ट्रॉनिक सर्किटला निम्मं करणं सगळ्यात सोपं, म्हणून हा आकडा.

आणखी एक फायदा. माणसाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. ३२,७६८ त्याच्या वर आहे, म्हणून हे घड्याळ कानाशी कुणकुण करत नाही. याहून जास्त वेगाचा स्फटिक घेतला तर वीज जास्त खर्च होते आणि सेल लवकर संपतो.

डिसेंबर १९६९ मध्ये टोकियोत सेइको कंपनीने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला आणलं, तेव्हा त्यातला स्फटिक ८,१९२ कंपनांचा होता. हाही २ चाच घात, तेरावा.

उन्हाळ्यात घड्याळ मागे पडतं

हे मला स्वतःला खूप आवडलेलं. हा काट्याच्या आकाराचा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत वेगाने थरथरतो. तापमान त्याहून वाढलं तरी तो मंदावतो आणि घटलं तरीही मंदावतो. ४५ अंशांना तो दिवसाला सुमारे १.२ सेकंद मागे पडतो. म्हणजे अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीतला पीसी घड्याळात मागे पडणार, आणि लेहच्या थंडीतलाही! शिवाय प्रत्येक स्फटिकात बनावटीचा थोडा फरक असतोच. म्हणूनच इंटरनेटवरून वेळ जुळवत राहावी लागते.

सेल कसा बदलायचा?

पुढच्या महिन्यात अकोल्याला गेलो तेव्हा घड्याळवाल्याकडून चाळीस रुपयांचा सेल घेतला आणि पिंकीकडूनच बदलून घेतला.

१. पीसी शट डाउन करा आणि प्लग काढा. मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा, उरलेली वीज निघून जाईल.
२. कॅबिनेटची बाजू उघडा. आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते.
३. सेलचा फोटो काढून ठेवा. '+' खूण वर असते.
४. कडेची क्लिप बोटाने किंवा लाकडी काडीने दाबा, सेल उडून वर येतो. लोखंडी चिमटा वापरू नका.
५. नवा सेल बसवा, प्लग लावा आणि चालू करताना 'एफ२' किंवा 'डिलीट' दाबून बायोसमध्ये जा. तारीख, वेळ टाकून सेव्ह करा.

सेल काढल्यावर बायोसची जुनी सेटिंग्ज पुसली जाऊ शकतात. म्हणून आधीच त्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः बूट ऑर्डर आणि हार्ड डिस्कचा मोड. ड्राइव्हवर बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय हे काम सुरूच करू नका. लॅपटॉपमध्ये हा सेल बऱ्याचदा वायर जोडलेला किंवा डाग दिलेला असतो. तो जाणकाराकडून बदलून घ्या.

जुना सेल टेबलावर ठेवू नका!

हे शेवटी लिहितोय, पण सगळ्यात महत्त्वाचं आहे. पीसीसाठी संपलेल्या सेलमध्येही थोडी वीज उरलेली असते. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओलसर जागेत विजेचा प्रवाह सुरू होतो. त्याने तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजू शकतं. सेल फुटायची गरजच नसते. अशी नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, 'बघू सकाळी' म्हणू नका, तडक हॉस्पिटल गाठा आणि 'बटण सेल गिळलाय' असं स्पष्ट सांगा. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या. नवे सेलही मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

पिंकीला तिच्या पसंतीचं कॉलेज मिळालं. आता वहिनीचा फोन आला, की त्या आधी स्वतःच सांगतात, "भाऊजी, तारीख बघितली, बरोबर आहे. आता पुढे काय करू?" तुमच्याही पीसीवर साइट उघडत नसतील, तर कोणाला हजारो रुपये देण्याआधी उजवीकडच्या कोपऱ्यात एकदा नजर टाका.