तुळयांत दडलेल्या तारखा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, नवाहो लोकांच्या भूमीवर, त्सेगी कॅनियनच्या एका कड्याच्या पोटात बेटाटाकिन नावाचे ओस गाव आहे. दगड-मातीच्या शंभराहून अधिक खोल्या, धान्याची कोठारे, एकमेकांना लागून असलेली धाबी. बांधणाऱ्यांना लिपी नव्हती. त्यामुळे इथे शिलालेख नाही, नाणे नाही. तरीही आज दिसणाऱ्या गावातली पहिली घरे १२६७ साली उभी राहिली, हे पुरातत्त्वज्ञ छातीठोकपणे सांगतात. कसे, ते गावापर्यंत चालत गेले की अर्धे कळते.

पायवाट सुरू होते ती सुमारे २२०० मीटर उंचीच्या पठारावरून. माथ्यावर रखरखीत खडक आणि ज्युनिपर, पिन्यॉन पाइनची खुरटी झाडे. वाट दोनेकशे मीटर खाली घळीत उतरते. आधी उतार आणि परतताना चढ, म्हणून पाणी आणि दम दोन्ही राखून ठेवावे लागतात. तळाशी मात्र चक्क ॲस्पेनची हिरवी राई लागते. वाळवंटी मुलखात हे पाणी येते कुठून?

कड्याचा वरचा थर नवाहो वालुकाश्माचा, सच्छिद्र. पाऊस आणि वितळलेला बर्फ त्यात मुरत जातो. खाली केयेंटा नावाचे कमी सच्छिद्र थर लागले की पाणी अडते, आडवे सरकते आणि कड्याच्या पायथ्याशी पाझरते. तिथला खडक भुसभुशीत होतो, थंडीत फटींतले पाणी गोठून त्या रुंदावतात आणि वरचे थर सुटून पडतात. उरते ती प्रचंड कमान. म्हणजे छप्पर आणि झरा, दोन्ही एकाच प्रक्रियेने दिलेले.

बेटाटाकिनची कमान दक्षिणेकडे तोंड करून आहे. इथे उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७७ अंशांवर असतो, त्यामुळे कमानीची सावली घरांवर पडते. हिवाळ्यात तो ३० अंशांपर्यंत खाली येतो आणि ऊन थेट आत शिरते.

तारखा सांगितल्या त्या छपराच्या तुळयांनी. कोरड्या प्रदेशातले झाड चांगल्या पावसाच्या वर्षी रुंद वलय धरते, दुष्काळात अरुंद. रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम एका परिसरातल्या झाडांत सारखाच उमटतो, आणि लांबलचक क्रम जसाच्या तसा पुन्हा येत नाही. ए. ई. डग्लस हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सौरडागांचा हवामानावर परिणाम होतो का, हे शोधताना ते वलयांकडे वळले. जिवंत झाडांपासून मागे जाणारी एक मालिका त्यांच्याकडे होती आणि प्राचीन तुळयांची दुसरी. पण दोन्हींचा सांधा जुळत नव्हता. जून १९२९ मध्ये ॲरिझोनातल्या शो लो गावी सापडलेल्या एका जळक्या तुळईने तो जुळवला, आणि अनेक प्राचीन वस्त्यांना एकदम सनावळी मिळाली.

पुढे जेफ्री डीन यांनी त्सेगीतल्या तुळयांचा बारकाईने अभ्यास केला. बेटाटाकिनमध्ये १२६९ आणि १२७२ साली झाडे तोडून लाकूड साठवलेले दिसते, पण मोठी वस्ती आली १२७५ च्या सुमारास. म्हणजे माणसे येण्याआधीच त्यांच्या घरांची तयारी झाली होती; स्थलांतर ठरवून, एकत्र केलेले होते. त्याच खोऱ्यातले कीट सील मात्र घराघराने, जुन्या तुळया पुन्हा वापरत वाढले. शेजारच्या दोन गावांचे सामाजिक स्वभाव वेगळे होते, हे लाकडाने सांगितले.

बेटाटाकिनमधली शेवटची तारीख १२८६. सन १३०० पर्यंत खोरे रिकामे झाले. १२७६ ते १२९९ या काळातला मोठा दुष्काळ त्याच वलयांत दिसतो. ओढ्यांनी पात्र खोल कापल्याने भूजल खाली गेले आणि तळातली मक्याची शेते कोरडी पडली. पण ‘रहस्यमयरीत्या नाहीसे झालेले लोक’ ही पर्यटकी दंतकथा सोडून द्यावी. माणसे दुसरीकडे राहायला गेली. होपी, झुनी आणि इतर पुएब्लो समाज हे त्यांचे वंशज. होपींची गावे आजही ॲरिझोनातच आहेत आणि त्सेगी त्यांना पूर्वजांचे स्थान म्हणून ठाऊक आहे.

हेच शास्त्र आपल्याकडेही वापरात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून गेल्या शतकांतल्या मान्सूनचा अभ्यास झाला आहे.

बेटाटाकिनला मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तुळई जागेवर असेल तरच तिची तारीख त्या घराची तारीख ठरते. हलवली की उरते नुसते जुने लाकूड. तिकडे गेलात तर भिंतीला टेकू नका, मक्याचे वाळके कणीसही उचलू नका.