कार्टर रोडचे अपील: निष्काळजीपणा की जाणीव?

12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे पावणेचार ते चारच्या दरम्यान वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक भरधाव कोरोला मोटार पदपथावर चढली. रस्त्याच्या दुरुस्तीवर असलेले मजूर तिथेच, आपल्या तात्पुरत्या झोपड्यांपुढे झोपले होते. त्यांतले सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल आढळले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे दर 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. या चालकाच्या रक्तात 112 मिलिग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट.

हे सारे घडले की नाही, यावर पुढच्या पाच वर्षांत फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो याला कायद्याने काय म्हणायचे यावर. भारतीय दंड संहितेत त्यासाठी दोन वाटा होत्या. कलम 304 अ म्हणजे निष्काळजीपणाने घडलेला मृत्यू; त्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा. दुसरी वाट कलम 304 च्या दुसऱ्या भागाची, म्हणजे सदोष मनुष्यवधाची. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव असताना ते कृत्य केले, तर दहा वर्षांपर्यंत कैद. ठार मारण्याचा हेतू नसला तरी चालतो, जाणीव मात्र सिद्ध व्हावी लागते.

एप्रिल 2007 मध्ये सत्र न्यायालयाने पहिली वाट धरली आणि सहा महिन्यांची साधी कैद व पाच लाख रुपये दंड ठोठावला. सात जिवांसाठी सहा महिने, हा हिशेब मुंबईला पटला नाही, आणि तो पटण्यासारखा नव्हताच. राज्य सरकार उच्च न्यायालयात गेले. अपील म्हटले की शिक्षा झालेला आरोपीच डोळ्यांसमोर येतो. पण मोठ्या आरोपातून झालेल्या सुटकेविरुद्ध आणि अपुऱ्या शिक्षेविरुद्ध सरकारलाही अपील करता येते. अशा अपिलात उच्च न्यायालय कागदावर आलेला साक्षीपुरावा नव्याने तोलते. 6 सप्टेंबर 2007 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरोपीला 304 च्या दुसऱ्या भागाखाली दोषी धरले आणि तीन वर्षांची सक्तमजुरी दिली.

आता अपील करण्याची पाळी आरोपीची होती. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आर. एम. लोढा आणि न्यायमूर्ती जगदीशसिंह खेहर यांच्यापुढे जे मुद्दे आले, ते अशा बहुतेक अपिलांत कुठल्या ना कुठल्या रूपात येतात. एक असा की, जाणीवपूर्वक केलेला मनुष्यवध आणि बेदरकारपणे केलेली गंभीर दुखापत हे दोन आरोप एकाच कृत्याबद्दल एकत्र ठेवता येत नाहीत. न्यायालयाने तो फेटाळला. एकाच धडकेत कुणी मरतो, कुणी जखमी होतो. दोन्ही आरोप शेजारी उभे राहू शकतात. दुसरा मुद्दा अधिक टोकदार होता. दोषारोपपत्रात मद्याचा उल्लेख नव्हता आणि आरोपीच्या जबाबातही त्याबद्दल नेमका प्रश्न विचारलेला नव्हता. अशी त्रुटी राहायला नको होती, यात शंका नाही. पण तेवढ्याने शिक्षा कोसळत नाही. त्या त्रुटीमुळे आरोपीच्या बचावाला खरोखर बाधा आली हे दिसावे लागते, आणि इथे तसे दिसले नाही. गाडीत यांत्रिक बिघाड झाल्याचा बचावही टिकला नाही. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीत असा कुठलाही दोष सापडला नव्हता.

उरला जाणिवेचा प्रश्न. प्यायलेल्या माणसाला कसली जाणीव, असा युक्तिवाद सहज सुचतो. कायदा तो स्वीकारत नाही. दंड संहितेच्या कलम 86 प्रमाणे, स्वतःच्या इच्छेने प्यायलेल्या माणसाला शुद्धीवरच्या माणसाइतकीच जाण होती असे धरले जाते. ही तरतूद कठोर वाटली तरी न्याय्य आहे. ती नसती तर जितकी दारू जास्त तितका गुन्हा हलका ठरला असता. मद्याचे प्रमाण, गाडीचा वेग आणि पदपथावर निजलेली माणसे हे एकत्र पाहून न्यायालयाने जाणीव सिद्ध झाल्याचे मानले.

12 जानेवारी 2012 रोजी अपील फेटाळले गेले. आरोपीने तोवर दोन महिनेच तुरुंगात काढले होते. तेवढ्यावर सोडणे ही न्यायाची विटंबना ठरेल, असे न्यायालयाला वाटले. तीन वर्षांची शिक्षा त्याला सौम्यच वाटत होती, पण ती वाढवून मागणारे सरकारचे अपील समोर नव्हते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या लोधी कॉलनीतील 1999 च्या बीएमडब्ल्यू अपघाताचा निकाल लागला. तिथे सहा जण मेले होते, त्यांत तीन पोलीस. दिल्ली उच्च न्यायालयाने कलम सौम्य केले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा 304 च्या दुसऱ्या भागावर आणले. कैद मात्र भोगली तेवढीच पुरेशी मानली. जोडीला 50 लाख रुपये आणि दोन वर्षांची समाजसेवा आली.

अपिलात सगळी शिक्षा उडूही शकते. वांद्र्याच्याच हिल रोडवर 28 सप्टेंबर 2002 रोजी झालेल्या अपघातात एक जण मेला, चार जखमी झाले. मे 2015 मध्ये सत्र न्यायालयाने अभिनेता सलमान खान याला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी 10 डिसेंबरला उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तिथे वाद मुळात पुराव्याचा होता. सुरुवातीच्या फिर्यादीत दारूचा उल्लेख नव्हता, फिर्याद देणारा पोलीस शिपाई 2007 मध्ये वारला होता, आणि रक्ताचा नमुना घेतल्यापासून कलिन्याच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो कसा हाताळला गेला याबद्दल न्यायालयाला खात्री वाटली नाही. नमुन्यावरचे लाखेचे सील, नोंदवहीतली वेळ, तो नेणाऱ्या शिपायाची साक्ष, यांतली एखादी कडी निसटली की अपिलात ती हमखास दाखवली जाते. शवागाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना त्या घटकेला याची कल्पनाही नसते.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची कमाल शिक्षा आता पाच वर्षे आहे. जाणीवपूर्वक झालेल्या सदोष मनुष्यवधाला, कलम 105 खाली, पूर्वीप्रमाणेच दहा वर्षांपर्यंत. त्या तारखेपूर्वी झालेल्या अपघातांची अपिले मात्र जुन्या दंड संहितेच्या कलमांवरच चालतात.