पोटातली कळ आणि साठ हजारची पुडी

परीक्षा जवळ आली की पोटात कळ, शाळेला निघताना संडासची घाई, नाहीतर चार-चार दिवस पोट साफ नाही. आणि रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. अशा पोराला घरचे आधी 'नाटकं करतोय' म्हणतात, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आणतात. दोन्हीत घाई होते. हा त्रास बहुधा आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असतो. त्यात आतड्याला जखम नसते, पण आतडं आणि मेंदू यांचं बिनसलेलं असतं. इतरांना जाणवणारही नाही एवढ्या वायूने त्या मुलाला खरोखर कळ येते.

पुडीला थोडा आधार आहे. 2018 साली इजिप्तमधल्या डॉक्टरांनी आयबीएस असलेल्या 112 किशोरवयीन मुलांवर चाचणी घेतली. निम्म्यांना सहा महिने रोज 2000 युनिट ड दिलं, उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी. ड घेणाऱ्यांचा त्रास बराच कमी झाला. पण त्या सगळ्याच मुलांच्या रक्तात ड आधीपासून कमी होतं, ही बाब सांगताना हमखास गळते. पुढे इंग्लंडमध्ये शेफिल्डला 135 प्रौढांवर बारा आठवडे असाच प्रयोग झाला. रक्तातलं ड वाढलं, पोट होतं तसंच राहिलं. माझ्या मते ड हे आयबीएसचं औषध नव्हे. कमतरता असेल तर ती भरून काढावी, एवढंच.

भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गारगोटीत एवढं ऊन असताना ड ची कमतरता कशी, असं कुणीही विचारेल. इथे डिसेंबरच्या भरदुपारीही माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड पडते, म्हणजे त्वचेत ड तयार करणारे किरण बारमाही मिळू शकतात. पण त्या वेळी पोरं वर्गात असतात, खिडकीच्या काचेतून ते किरण जवळपास येतच नाहीत, आणि पावसाळ्यात आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या 10 ते 19 वयोगटात जवळपास चौघांत एकाला ड ची कमतरता आढळली.

साठ हजारची पुडी सहसा आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच असते. ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढू शकतं. मग मळमळ, बद्धकोष्ठता, पोटदुखी. ज्यासाठी घेतली तेच! म्हणून आधी रक्त तपासा, आणि डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. मूल पोटदुखीने रात्री झोपेतून उठत असेल, वजन उतरत असेल किंवा संडासवाटे रक्त जात असेल, तर आयबीएस समजून घरी थांबू नका.