मूठभर धान्यावर उभी राहिलेली संस्था

व्यापाऱ्याच्या वहीत धर्मादाय खाते पूर्वापार चालत आलेले आहे. दिवाळीला वहीपूजन झाले की त्या खात्यावर काही रक्कम मांडावयाची आणि मालाच्या विक्रीवर धर्मादायाची लाग काढावयाची, ही चाल आपल्याकडील अनेक पेठांत होती. त्या पैशांतून धर्मशाळा, पाणपोया, पांजरपोळ आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु देणाऱ्याने दिले व घेणाऱ्याने घेतले, एवढ्याने दानाचा व्यवहार पुरा होतो काय, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शेजारच्या मुलखात, एका खेड्यातील संस्थेच्या इतिहासात सापडते. ती संस्था म्हणजे रयत शिक्षण संस्था आणि तिचे संस्थापक म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील होत.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. बाहुबलीच्या यात्रेस जाणाऱ्या आमच्या वाचकांस हे गाव परिचयाचे आहे. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहिले. तेथील एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांस सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि वसतिगृह सोडावे लागले तरी त्याची पर्वा केली नाही. ज्या समाजाने विद्यार्थ्यासाठी अन्नाची सोय केली, त्याच समाजाच्या पंक्तीस बसण्याची अट त्यास मान्य झाली नाही. हा प्रसंग आमच्या समाजास फारसा भूषणावह नाही. म्हणूनच तो येथे टाळणे आम्हांस योग्य वाटले नाही. भाऊरावांनी पुढे जे केले त्याचे बीज याच प्रसंगात आहे.

पुढे त्यांनी काही काळ व्यापारी फिरतीचे काम केले. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून ज्यांनी प्रारंभ केला, त्या किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खेडोपाडी खपविण्याचे ते काम होते. नांगर विकताना भाऊरावांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. मूल हुशार आहे, शिकण्याची हौस आहे, पण गावात वरची शाळा नाही; शहरात पाठवावे तर राहण्याजेवण्याचा खर्च झेपत नाही, अशी घरोघरची स्थिती होती. तेव्हा खरी अडचण फीपेक्षा भाकरीची आहे, हे त्यांनी ओळखले. वसतिगृह हा त्यांच्या कार्याचा पाया झाला तो यामुळेच.

1910 च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह सांगलीजवळच्या दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी असे वसतिगृह चालविले. त्यानंतर 4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीस, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेपाशी ना इमारत होती ना ठेव. तेव्हा मुलांच्या पोटाची तरतूद कशी करावयाची? या प्रश्नातून मुष्टिफंडाची योजना पुढे आली.

ही योजना अगदी साधी होती. गावातील प्रत्येक गृहिणीने दळणास बसण्यापूर्वी एक मूठ धान्य वसतिगृहासाठी बाजूस काढून ठेवावे, आणि ते ठराविक दिवशी घरोघर जाऊन गोळा करावे. आपल्या सवयीप्रमाणे आपण त्याचा हिशेब मांडून पाहू. एक मूठ सुमारे पन्नास ग्रॅम धरली, तर दोनशे घरांच्या गावातून दररोज दहा किलो आणि महिन्यास तीनशे किलो धान्य जमते. वाढत्या मुलास दिवसास अर्धा किलो धान्य लागते असे मानल्यास वीस मुलांची भाकरी एका गावातून सुटते. आणि कोणत्याही घरास ती मूठ जड जात नाही.

पण धान्यापेक्षाही मोठा लाभ निराळाच होता. रोज मूठ काढणारी बाई त्या वसतिगृहाची भागीदार होई. तेथे शिकणारा मुलगा मग तिला परका राहत नसे. तो चांगला शिकतो की नाही, याची चौकशी ती आपोआप करी. एका धनिकाने वर्षाचा खर्च एकदम दिला तर गाव आभार मानून मोकळे होते. दोनशे घरांनी रोज मूठ दिली म्हणजे गाव त्या कार्यास बांधले जाते. धनिकाच्या पश्चात वारसाने हात आखडता घेतला तर संस्था अडचणीत येते. दोनशेंपैकी दहा घरांनी मूठ बंद केली तरी चूल पेटत राहते. भांडवल अनेक भागधारकांत विभागलेले असावे, हे तत्त्व व्यापारात आपण जाणतोच. दानासही ते लागू आहे.

1924 साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे निघालेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू, रांधू व जेवू लागली. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. बाहेरून मदत कमी पडे तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी अंगावरील दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही विकावे लागले. 1930 साली त्या निवर्तल्या. मोठ्या संस्थेच्या इतिहासात इमारतींची नावे राहतात, पण त्या इमारतींच्या पायात असे सोने पुरलेले असते.

या व्यवस्थेची दुसरी बाजू घेणाऱ्याची. मुलांस फुकट जेवू घालणे भाऊरावांस पसंत नव्हते. शेतात व बागेत राबणे, स्वयंपाक, झाडलोट, बांधकामावर श्रम करणे हे सर्व विद्यार्थ्यांनी करावयाचे, असा नियम होता. ‘कमवा आणि शिका’ या नावाने पुढे तो सर्वत्र परिचित झाला. 1940 साली साताऱ्यास निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 सालचे छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर उभे राहिले. घेणारा आपल्या कष्टाने आपला वाटा भरतो म्हणून त्याची मान खाली जात नाही.

या पायाची परीक्षा 1948 साली झाली. त्या वर्षी मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ थांबविले. सर्वस्वी अनुदानावर विसंबणारी संस्था अशा वेळी बंद पडती. भाऊराव पुन्हा खेड्यांकडे गेले, रयतेने आपल्या परीने हात दिला आणि संस्था तरून गेली. 1959 साली त्यांस पद्मभूषण ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे देहावसान झाले. 2019 साली संस्थेने शताब्दी गाठली. कालेसारख्या खेड्यात आरंभ झालेल्या या संस्थेच्या शाखा आज सातशेहून अधिक आहेत.

आम्ही हा वृत्तान्त केवळ गौरवासाठी सांगितला नाही. आपल्या संघटनेचा धर्मादाय निधी दरवर्षी जमतो व खर्ची पडतो. तो देताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते. ज्या गावासाठी पैसा द्यावयाचा, त्या गावाची मूठ त्यात आहे काय? घेणाऱ्यास आपला वाटा उचलण्याची संधी आहे काय? आणि त्या पंक्तीस बसण्यास कोणासही मज्जाव नाही ना? तिसरा प्रश्न कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याने आपणांस फार पूर्वीच विचारला आहे. त्याचे उत्तर आपल्या वहीत नीट उमटले, तर त्या खात्यास धर्मादाय हे नाव खऱ्या अर्थाने शोभेल.