मोहाला त्याचं नाव परत देऊ या

आपल्या अहेरीकडे कुणी ‘मोहाची’ एवढंच म्हटलं, तरी पुढचा शब्द सांगावा लागत नाही. ऐकणारा समजतो, दारू. एवढ्या मोठ्या झाडाची ओळख आपल्या बोलण्यात एका बाटलीत मावली आहे.

दूर ऑस्ट्रेलियात एका साध्या खाण्याला बोलण्यातूनच मान मिळाला. तिथे मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारात पालक सॉसेज, म्हणजे खिमा भरलेली नळी, भाजून पावात घालून विकतात. पैसे शाळेला जातात. लोक त्याला ‘लोकशाही सॉसेज’ म्हणू लागले आणि २०१६ मध्ये तो तिथला वर्षाचा शब्द ठरला.

मोहालाही असा मान आपणच देऊ शकतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून फुलं वेचतो त्या आपणच ना? फुलात साखर भरपूर असते. नीट वाळवलं तर ते पावसाळ्यातही टिकतं. वाळलेली फुलं निवडून, भाजून, तीळ-गुळासोबत कुटली की लाडू होतात. बियांचं तेलही निघतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; लाडवावर बंदी नाही!

वेचताना मात्र झाडाखालचा पाला पेटवू नका. वणवा लागतो, कोवळी रोपं जळतात. त्यापेक्षा जुनं लुगडं किंवा जाळी बांधा. फुलाला माती लागत नाही.

यंदा गटाच्या बैठकीत एक ताट मोहाच्या लाडवांचं ठेवा. लेकरं ‘मोहाचा’ म्हणतील, तेव्हा पुढचा शब्द ‘लाडू’ असू दे.