गर्दचा प्रश्न चयापचयवाल्याकडे

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, ईस्ट नदीच्या काठी रॉकफेलर विद्यापीठाचं एक छोटं रुग्णालय आहे. 1910 साली ते सुरू झालं, तेच मुळी संशोधनासाठी. ज्या आजारावर डॉक्टरांचं काम चालू असेल त्याचेच पेशंट इथे भरती करायचे. 1964 साली इथल्या वॉर्डात गर्दचं, म्हणजे हेरॉइनचं, व्यसन असलेले पेशंट आले. त्यांना आणणारे व्हिन्सेंट डोल मनोविकारतज्ज्ञ नव्हते. चयापचय आणि लठ्ठपणा हा त्यांचा विषय. मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

डोल यांच्या वाचनात मेरी निस्वांडर यांचं पुस्तक आलं. निस्वांडर मनोविकारतज्ज्ञ होत्या; व्यसनी माणूस हा पेशंट आहे, हे त्यांनी 1956 मध्येच लिहून ठेवलं होतं. डोल यांनी त्यांना बोलावून घेतलं. या कामात तिसऱ्या होत्या मेरी जीन क्रीक, तेव्हा नुसत्या निवासी डॉक्टर.

सुरुवातीच्या पेशंटना मॉर्फिन दिलं, तेव्हा ते टीव्हीसमोर पेंगत बसत आणि पुढच्या डोसची वाट पाहत. मग मेथाडोन हे त्याच वर्गातलं दुसरं औषध सुरू केलं. काही दिवसांत एकजण चित्रं काढू लागला, दुसरा पुन्हा शिकायचं म्हणू लागला. हेरॉइन काही तासांत उतरतं, की टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू. दिवसभर तोच चढउतार. मेथाडोन तोंडावाटे घेतलं तर दिवसाला एक डोस पुरतो. औषध शरीरात किती वेळ टिकतं, हा चयापचयवाल्याला सहज पडणारा प्रश्न. तो इथे कामी आला. 1965 साली 22 पेशंटचा अहवाल छापून आला.

डोल यांच्या उलट, आपल्याकडे यकृताचा डॉक्टर दारूने सुजलेलं यकृत रोज तपासतो आणि कार्डावर ‘दारू बंद’ एवढं लिहितो. ती बंद का होत नाही, हा प्रश्न त्याच्या संशोधनात क्वचितच येतो, कारण शिकताना तो त्याच्यासमोर कुणी ठेवलेलाच नसतो. अमेरिकेतही व्यसनवैद्यक या उपशाखेला मान्यता मिळाल्याचं जाहीर व्हायला 2016 उजाडलं.

क्रीक यांच्यासमोर मात्र तो प्रश्न निवासी डॉक्टर असतानाच आला आणि 2021 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. यकृत, संप्रेरकं, ताण, जनुकं, सगळीकडून त्यांनी व्यसनाचा माग काढला. पेशंटच्या रक्ताचे नमुनेही त्या वर्षानुवर्षं जपून ठेवत. एड्सची साथ आल्यावर ते जुने नमुने बाहेर काढून तपासले गेले. साथ पसरण्याआधीपासून जे मेथाडोनवर टिकून होते, त्यांच्यात लागण कितीतरी कमी निघाली.